धापा: खाडीकाठचं गुलाबी फूल कुंडीत आणि बांधावर कसं वाढवावं

ओहोटीला खाराच्या बांधावरून चाललं की पायाखाली तांबूस दांड्यांची, मांसल पानांची एक पसरट वेल लागते. सकाळी लवकर गेलात तर ती नुसतीच हिरवी दिसेल. ऊन जरा वर आलं की त्या हिरव्यात नखाएवढी गुलाबी चांदणी उघडते, शेजारी दुसरी, मग बघता बघता बांधभर. दुपार कलली की सगळी मिटतात. दुपारच्या जेवणानंतर खाडीवर फिरायला जाणाऱ्याला हे फूल कधी दिसतच नाही, आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नसण्याचं निम्मं कारण हेच असावं असं मला वाटतं.

याचं नाव धापा. शास्त्रीय नाव सेसुवियम पोर्टुलाकास्ट्रम. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर तो आहे, आणि आपल्या कोकणात डहाणूपासून शिरोड्यापर्यंत खाडी, खाजण, मिठागराचे बांध, तिवरांच्या पुढची चिखलट जागा अशा ठिकाणी तो आपोआप येतो. तो घरी लावता येतो, आणि नीट लावला तर अबोलीपेक्षा कमी काम करून जास्त दिवस फुलतो. फक्त त्याचे नियम बागेतल्या बाकी सगळ्या झाडांच्या उलटे आहेत. ते नियम एकदा कळले की पुढे काही अडत नाही.

आधी ओळख पक्की करा

धाप्यासारखी दिसणारी तीन झाडं आपल्याकडे आहेत आणि लोक हमखास चुकतात.

पहिली आपली घोळ, भाजीची. तिचं फूल पिवळं असतं आणि पान फांदीच्या टोकाशी पसरट, चमच्यासारखं. दुसरं पावसात शेतात आणि रस्त्याकडेला उगवणारं एक मांसल तण. त्याची पानं गोलसर, जोडीतलं एक मोठं आणि एक छोटं, आणि फूल पानाच्या बगलेत इतकं दडलेलं की शोधावं लागतं. तिसरी मोरस, जिची भाजी मुंबई-रायगडकडे आवडीने खातात. तिची पानं बारीक, दंडगोल आणि फूल हिरवट, न जाणवणारं.

धाप्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, लांबट, जाड, आणि दोन्ही पानांचे देठ दांड्याभोवती येऊन पातळ पडद्यासारखे एकमेकांना भिडलेले असतात. फूल एकेकटं, छोट्या दांडीवर. ते हातात घेऊन बघा. पाच पाकळ्या दिसतात त्या आतून गुलाबी आणि बाहेरून हिरव्या असतात, म्हणून फूल मिटलं की कळी आणि पान यांतला फरकच कळत नाही. प्रत्येक टोकाच्या मागे एक बारीक शिंगासारखं टोक असतं. मधे गुलाबी पुंकेसरांचा दाट झुबका. एवढं जुळलं की तो धापाच.

अजून एक खूण म्हणजे पान मोडून जिभेला लावा, सरळ खारट लागतं. तिवराचं पानही खारट लागतं, पण तिवर मीठ पानाबाहेर टाकतो, ते पृष्ठभागावर असतं. धापा मीठ बाहेर टाकत नाही, पानाच्या आत पाण्यात धरून ठेवतो. म्हणून तर पान एवढं फुगीर. ही गोष्ट लक्षात ठेवा, पाणी कसं घालायचं ते सगळं यावरून ठरतं.

कांडी कुठून घ्यावी

उपटून आणू नका. धाप्याच्या एका बोटभर कांडीतून वर्षभरात टोपलीभर झाड होतं, मुळासकट काढायची गरजच नाही. शिवाय तो जिथे वाढतो तिथली माती त्यानेच धरून ठेवलेली असते. दांड्याच्या पेरापेराला मूळ फुटतं आणि प्रत्येक पेर बांधाला टाच मारल्यासारखा बसतो. बांधाच्या उतारावरून हातभर वेल खेचून काढली की पुढच्या उधाणाला तिथे खोबण पडलेली मी पाहिली आहे.

तिवरांच्या जागेत तर जाऊच नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातल्या कांदळवनांची तोड थांबवली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं. आपल्या किंवा ओळखीच्याच्या खारशेतीचा बांध, मिठागराची कड, घराजवळच्या पऱ्ह्याचं खाडीला मिळणारं तोंड अशा जागा बघा. मालकाला विचारा. कोकणात या गोष्टीला अजून कुणी नाही म्हणत नाही.

मी माझ्या कांड्या शिरोड्याच्या मिठागराकडून आणल्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं. आगराच्या चौकोनांमधल्या अरुंद बांधांवर, जिथे पायांनी माती घट्ट झाली आहे आणि दुसरं गवतही तग धरत नाही, तिथे धापा मजेत असतो.

वेळ म्हणाल तर तुळशीच्या लग्नानंतर माघापर्यंत. पाऊस पूर्ण गेलेला असतो, हवा कोरडी, ऊन सोसवणारं. सकाळी जा. ना कोवळं शेंड्याचं टोक घ्या, ना जुनं लाकडासारखं झालेलं बूड. मधला भाग, हिरवट-तांबूस, पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक. ३ ते ४ पेरं असलेली, साधारण १० ते १२ सेंटीमीटरची कांडी धारदार पात्याने कापा. कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नको, वाफेने काळी पडते.

कुंडी आणि माती

खोल कुंडी लागत नाही. मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. १५ सेंटीमीटर खोल आणि जेवढं रुंद मिळेल तेवढं भांडं उत्तम. जुना प्लास्टिकचा टब, फुटकी बादली आडवी कापून, काहीही. मातीच्या कुंड्या मला आवडतात, पण इथे त्या वापरू नका. आपण यात खारं पाणी घालणार आहोत. ते मातीच्या भिंतीतून झिरपतं, सुकतं, मिठाचे कण आतच फुगतात आणि वर्ष-दोन वर्षांत कुंडीचे पापुद्रे सुटायला लागतात. तळाला भोकं मात्र मुबलक हवीत, बोट जाईल एवढी पाच-सहा.

माती अशी: दोन भाग नदीची जाडसर वाळू, एक भाग जांभ्याची माती किंवा चिरे कापताना पडणारा भुगा, आणि ओंजळभर कुजलेला पालापाचोळा. बस. समुद्रावरची वाळू भरून आणायचा मोह होतो, कारण झाड समुद्राकाठचं. पण किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी जपण्यासाठीच्या सरकारी नियमांत बंदी आहे, आणि ती फार बारीक असल्याने कुंडीत दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. नदीची जाड वाळूच चांगली. शेणखत, गांडूळखत सुरुवातीला अजिबात नको.

लावणी

खालच्या दोन पेरांची पानं काढून टाका आणि कांड्या पडवीत सावलीला अर्धा दिवस तशाच ठेवा. कापलेलं तोंड सुकलं पाहिजे. ओलं तोंड मातीत गेलं की कुजण्याची सुरुवात तिथूनच होते.

मग माती ओलसर करा, काडीने भोक पाडा, दोन पेरं आत जातील अशी कांडी थोडी तिरकी रोवा आणि बोटाने माती दाबा. दोन कांड्यांत वीतभर अंतर. पहिले आठ-दहा दिवस कुंडी जिथे फक्त सकाळचं ऊन येतं तिथे ठेवा. या काळात पाणी गोडंच घालायचं, तेही माती कोरडी वाटली तर. मीठ अजून नाही, मुळं नसलेल्या कांडीला ते झेपत नाही.

साधारण दुसऱ्या आठवड्यात कांडी हलकेच ओढून बघा. हाताला विरोध जाणवला की मूळ धरलं. शेंड्याला नवी, चकचकीत हिरवी पानांची जोडी दिसते. आता कुंडी उन्हात न्या. सरळ, दिवसभराच्या उन्हात: गच्ची, खळ्याची दक्षिणेची कड, गडग्याचा माथा. किमान सहा तास ऊन नसेल तर धापा जगेल पण फुलणार नाही. खिडकीत लावलेला लांबट, फिकट, दोरीसारखा होतो.

पाणी आणि मीठ

पहिल्या वर्षी माझा धापा मेला तो प्रेमाने. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना त्यालाही तांब्याभर घालत होते, आणि पानं छान फुगलेली बघून शेणखताचा हातही दिला. ज्येष्ठ लागेपर्यंत दांडे बुडापासून पिवळे, मऊ, मग काळे. शेजारच्या काकी, ज्यांच्या माहेरची माणसं मिठागरावर कामाला होती, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, तेका रोज पाणी कित्याक घालतंस गो? तो खारातलो. तेका खार व्हयो." त्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी लागवड उभी आहे.

धाप्याला मीठ नुसतं सोसत नाही, थोडं मीठ मिळालं तर तो बिनमिठाच्या झाडापेक्षा जोमाने वाढतो. प्रयोगांत समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश खारटपणाला त्याची वाढ चांगली दिसली आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे आपल्याला हवं ते लिटरला ११-१२ ग्रॅम. घरच्या भाषेत, एक लिटर पाण्यात खड्याच्या मिठाचे दोन सपाट चमचे. समुद्र जवळ असेल तर एक भाग समुद्राचं पाणी, दोन भाग विहिरीचं. आगरातलं साधं खडे मीठ घ्या.

नवीन कांडीला पहिला डोस लावणीनंतर महिन्याने, तोही अर्ध्या ताकदीचा. त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण ताकदीचं खारं पाणी, तळातून वाहेपर्यंत. मधल्या दिवसांत गोडं पाणी, पण वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं, चैत्र-वैशाखात दोन-तीनदा. दर दोन महिन्यांनी एकदा भरपूर गोडं पाणी घालून कुंडी धुऊन काढा, कारण खाडीत भरती-ओहोटी जे काम दिवसातून दोनदा करते ते कुंडीत कुणी करत नाही. मातीवर पांढरा थर दिसला की समजावं, धुण्याचा दिवस उलटून गेला.

माडाच्या अळ्यात मीठ घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे धाप्याचं वाहून आलेलं पाणी माडाला गेलं तर चिंता नाही. तुळस, अबोली, मिरची यांच्या अंगावर ते जाऊ देऊ नका.

पानं काय सांगतात तेही बघत जा. पान घट्ट, थोडं तांबूस आणि आखूड म्हणजे सगळं ठीक. पान लांब, पाणचट हिरवं, बोटाने सहज चिरडतं म्हणजे पाणी जास्त, मीठ कमी, ऊन कमी. पान सुरकुतलं तर तहान, आणि ही तक्रार तो एका पाण्यात विसरतो.

छाटणी आणि फुलं

दांडा वीतभर झाला की शेंडा खुडा. बाजूने दोन-तीन फुटवे येतात, फूल पानाच्या बगलेत येतं, म्हणजे फांद्या जास्त तेवढी फुलं जास्त. लावणीपासून अडीच-तीन महिन्यांत पहिली फुलं दिसायला हरकत नाही. प्रत्येक फूल थोड्याच तासांचं, पण रोज नवी उमलतात.

खत वर्षातून दोनदा, मूठभर जुनं शेणखत कुंडीच्या कडेने. जास्त दिलं की पानांचा ढीग आणि फूल नाही.

कीड फारशी नाही. पिठ्या ढेकूण पेरांच्या खोबणीत कापसासारखा दिसतो, मुंग्या चढायला लागल्या की आधी तिथे बघा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात खरवडून काढा. पानं जाळीने एकत्र बांधणारी हिरवी अळी येते, तेवढा शेंडा कापून टाकणं हाच सोपा उपाय. निंबोळी तेल फवारायचं तर संध्याकाळी, भर उन्हात पान करपतं.

पावसाळा

कोकणात धापा लावणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. चार महिन्यांत जवळपास ३००० मिलिमीटर पाऊस आणि सूर्य दिवस दिवस न दिसणं.

कुणीही विचारेल की खाडीकाठी तो हाच पाऊस खातो, तिथे कसा जगतो? मीही हे पुष्कळ दिवस बघत राहिले. पावसात खाडीचं पाणीही गोडं होतं, म्हणजे निव्वळ गोड्या पाण्याने तो मरत नाही. फरक पाणी थांबण्यात आहे. बांधाच्या उतारावर पाणी येतं आणि ओहोटीबरोबर निघून जातं, वारा सतत लागतो, आणि एक पेर कुजलं तरी वरच्या पेराला स्वतःचं मूळ असतं. कुंडीत पाणी तळाला अडतं, मुळांना हवा मिळत नाही आणि दाट वाढलेल्या पानांखाली बुरशी लागते.

म्हणून मृग लागायच्या आठवडाभर आधी झाड निम्म्यावर छाटा. मन घट्ट करून छाटा, फुलं असली तरी. खालची पिवळी पानं वेचा, मातीवर बोटभर जाड वाळूचा थर द्या. कुंडी दोन चिऱ्यांवर उचलून ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतील. जमलं तर पत्र्याच्या कडेखाली, जिथे उजेड आणि वारा आहे पण पागोळ्या थेट पडत नाहीत. आता वरून पाणी घालणं बंद, खत बंद. आठवड्याभराची उघडीप मिळाली तर अर्ध्या ताकदीचं खारं पाणी एकदा द्या. गोगलगायी रात्री कंदील घेऊन वेचाव्या लागतात.

काही कांड्या बाटलीत, पाण्यात ठेवून द्या. पेराला पांढरी मुळं फुटतात आणि त्या खिडकीत सहज तग धरतात. कुंडी गेलीच तर हे बियाणं हाताशी असतं. नारळी पौर्णिमेनंतर पाऊस सैल झाला की झाडाला पुन्हा उघड्यावर आणा.

बांधावर लावायचा असेल तर

ज्यांची खारजमीन आहे त्यांनी हा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडे बांध फुटून भातखाचरात खारं पाणी शिरलं की जमीन पडीक पडते आणि पडीकच राहते. धापा मातीतलं सोडियम मुळांनी उचलून पानांत साठवतो. या गुणावर ट्युनिशियात आणि आपल्याकडे तमिळनाडूत खारवट माती सुधारण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्या भागात पुणे विद्यापीठ आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही या वनस्पतीच्या क्षारसहनावर बरंच काम केलं आहे.

एका हंगामात खाचर गोडं होईल असं समजू नका. पण बांधाच्या आतल्या उतारावर फूटभर अंतराने कांड्या लावल्या तर दुसऱ्या वर्षापर्यंत माती झाकली जाते आणि उतार धुपत नाही, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. लावणी लहान भरतीच्या, म्हणजे भांगेच्या दिवसांत करा, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळून, म्हणजे मूळ धरायला आठवडा मिळतो. कांडी आडवी ठेवून तीन पेरं चिखलात दाबा, शेंडा तेवढा बाहेर. पहिले दोन महिने गुरं आणि शेरडं आवरा.

मीठ कमी करायचा हेतू असेल तर वर्षातून दोनदा वरची वाढ कापून शेताबाहेर न्या. तिथेच कुजू दिली तर उचललेलं मीठ पुन्हा त्याच मातीत जातं, आणि मेहनत फुकट. कापलेला पाला सुकवून बांधाबाहेर खाडीच्या बाजूला टाकावा.

समुद्राच्या वाळूवर, अगदी लाटेसमोर, धाप्यापेक्षा मर्यादवेल बरी. तिच्या मागे, आडोशाला धापा लावा. दोघांचं जमतं.

खायचा का?

खाता येतो. कोवळे शेंडे दोन पाण्यांतून उकडून, पाणी टाकून, कांदा आणि ओलं खोबरं घालून घोळीसारखी भाजी होते. सुकट घातली तर फारच चांगली. वरून मीठ चिमूटभरही नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ती खाऊ नये. आणि खाडीवरून तोडलेला धापा भाजीला घेऊ नका. तो जसं मीठ साठवतो तसे पाण्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही साठवतो, आणि वर कारखाने असलेल्या खाडीत काय वाहतं ते डोळ्यांना दिसत नाही. घरच्या कुंडीतलाच खावा.

बी आणि नवी कुंडी

फूल मिटल्यावर तिथे छोटं बोंड धरतं. पिकलं की त्याचं वरचं झाकण डबीसारखं सुटतं आणि आत मोहरीपेक्षा बारीक, चकचकीत काळ्या बिया दिसतात. बियांपासूनही रोप होतं. ओल्या जाड वाळूवर पेरा, वरून माती घालू नका, गोडंच पाणी शिंपडा. पण कांडीपेक्षा खूप वेळ लागतो, आणि मी ते हौसेपोटीच करते.

दोन वर्षांनी कुंडीतला धापा मधोमध उघडा पडतो, कडेला पानं आणि मधे नुसते लाकडी दांडे. त्याला वाचवत बसू नका. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला कडेच्या चांगल्या कांड्या कापून नवी माती भरा, आणि उरलेल्या कांड्या कागदात गुंडाळून ज्यांनी फुलं बघून विचारलं होतं त्यांना द्या. देताना दोन चमचे मिठाची गोष्ट तेवढी सांगायला विसरू नका, नाहीतर ते तुळशीबरोबर रोज पाणी घालतील.